चिंधी कुणाची?

गेल्या रविवारी आपल्या अभ्यासवर्गात ठराव झाला. यंदा ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमायचं आणि तिथं प्रत्येकाने शपथ घ्यायची : कमी वापरू, कमी फेकू, पृथ्वीवर आपला भार पडू देणार नाही. शपथ द्यायला जळगावचे ते प्राध्यापक येणार. ज्यांच्या घरातून महिन्याला एक बरणीभर कचरा निघतो, ते. पेपरात फोटो आला होता. मधे काचेची बरणी आणि बरणीभोवती हसणारं चौकोनी कुटुंब.

ठरावाला मी एकट्याने हात वर केला नाही. एक पोरगा म्हणाला, "काय दादा, तुम्ही प्रदूषणाच्या बाजूचे का?" सगळे हसले. मीही हसलो. बोलायला गेलो तर शब्द फुटेना. रागाचं असंच असतं, वेळेवर येत नाही. धुळ्याला परतताना एसटीत आला. म्हणून लिहितो आहे.

मित्रांनो, मी त्या घरात जाऊन आलेलो आहे.

माझी मावशी तिथं धुणंभांडी करते. तिचं रक्तदाबाचं औषध संपलं होतं, ते द्यायला गेलो. सरांनी आत बोलावलं, बसवलं. माणूस वाईट नाही. उलट चांगलाच आहे, हीच तर पंचाईत. कुठं मिरवणूक नाही, देवाचा बडेजाव नाही, कॉलेजात सायकलने जातो. सगळं घर दाखवलं. फ्रीज विकून टाकला. वॉशिंग मशीन विकलं. एसी कधी घेतलाच नाही. साबणाची पावडर बंद, रिठ्याचं पाणी. भांड्यांना राख आणि काथ्या. गच्चीवर कुंड्या, कुंड्यांच्या पलीकडे खताचा पिंप. ओला कचरा त्यात. सर म्हणाले, "आम्ही निसर्गाकडून घेतो ते निसर्गाला परत करतो."

मी मागं बघितलं. मावशी मोरीत बसून सतरंजी घासत होती.

वॉशिंग मशीन विकलं तेव्हा ते कुणाच्या हातात गेलं, हे सरांच्या हिशेबात नाही. ते मावशीच्या मनगटात गेलं. विजेचं बिल कमी झालं, त्याचा आकडा पेपरात छापून आला. मावशीचे हात रिठ्याने आणि राखेने चिरलेत, तो आकडा कुठं छापतात? फ्रीज नाही म्हणून रोज ताजी भाजी, निवडते मावशी. खताचा पिंप आठवड्यातून दोनदा हलवावा लागतो, अळ्या होतात, हलवते मावशी. पगार किती वाढला? महिन्याला दोनशे रुपये.

आणि चहा. सरांनी मला स्टीलच्या पेल्यात चहा दिला. मावशीला नारळाच्या करवंटीत. घासून, तेल लावून चकचकीत केलेली करवंटी. माझी नजर गेलेली बघून बाई म्हणाल्या, "पूर्णपणे नैसर्गिक आहे हो. मातीत टाकली की माती."

त्यांना खरंच माहीत नसावं. मला माहीत आहे. माझ्या आज्याला गावातल्या हॉटेलात चहा करवंटीतच मिळायचा. बाहेर, कुडाला टांगलेली करवंटी. तीही पूर्णपणे नैसर्गिक होती.

मावशीला वाटेत विचारलं. म्हणाली, "चांगला शेतस रे भाऊ त्या. पन मना हात देख." आणि हात पुढे केले. हे मी तिला विचारून लिहितो आहे.

आता कुणी म्हणेल, एका घराच्या करवंटीवरून एवढा आकांत कशाला? म्हणून घर सोडू. विचाराकडे येऊ.

कमीत कमी वापरा, काही फेकू नका, दुसऱ्याचं टाकलेलं पुन्हा वापरा. हा कायदा या देशात नवा नाही. मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढा. चांडाळाने काय नेसावं? प्रेतावरचे कपडे. कशात जेवावं? फुटक्या भांड्यात. दागिने? लोखंडाचे. गावाबाहेर राहावं. म्हणजे शून्य कचरा! गावाचं काही वाया जात नाही. प्रेताचं वस्त्र वाया जात नाही, फुटकं मडकं वाया जात नाही, मेलेलं ढोर वाया जात नाही, उष्टं वाया जात नाही. सगळं आमच्या अंगावर, आमच्या पोटात जिरतं. गाव स्वच्छ राहतं आणि ज्याच्या अंगात ती घाण जिरवली त्याला घाण म्हटलं जातं. पुनर्वापराचा एवढा पक्का बंदोबस्त जगात दुसऱ्या कुठल्या शहाण्याने केला असेल तर दाखवा.

मग बाबासाहेबांनी महाडला १९२७ साली काय सांगितलं? पाणी घ्या, एवढंच सांगितलं नाही. मेलेल्या जनावराचं मांस सोडा. उष्टं सोडा. डिसेंबरच्या परिषदेत बायांना सांगितलं, नीट चांगलं लुगडं नेसा, इतर बायका नेसतात तसं, आणि अंगावरचे ते ओळख सांगणारे जडजूड दागिने काढा. म्हणजे नवं घ्या, पुरेसं घ्या, टाकलेलं घेऊ नका. आजच्या पर्यावरणवाल्याने तो सभामंडप बघितला असता तर म्हणाला असता, अरेरे, यांचा वापर वाढला! हो, वाढला. आमच्यात नवं लुगडं ही चैन नव्हती, ती बंडाची निशाणी होती. बाबासाहेबांचा कोट हाही त्याच बंडाचा भाग.

आपल्या खानदेशातच हा झगडा समोरासमोर उभा राहिला होता, हे आपल्या पोरांना सांगायला पाहिजे. डिसेंबर १९३६. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, फैजपूरला. नंदलाल बोसांनी बांबू आणि गावच्याच सामानातून सगळा मंडप उभा केला. साधेपणाचा उत्सव. आज भरला असता तर 'पर्यावरणपूरक अधिवेशन' म्हणून बातमी झाली असती. त्याच्या एकच महिना आधी, २८ नोव्हेंबर १९३६ च्या 'हरिजन'मध्ये गांधींनी आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला. त्याला संडास कसा बांधावा याचं ज्ञान पाहिजे, मैल्याचं आणि मूत्राचं खत कसं करावं हे ठाऊक पाहिजे, आणि समाजाच्या आरोग्याची राखण करणारा म्हणून त्याचा मान मोठा. वाचून बघा. मान सगळा दिला, पण ते काम कुणाच्या जातीकडे राहणार, हा प्रश्न जागचा हलला नाही. गच्चीवरचा खताचा पिंप हलवणारी माझी मावशी ही त्या लेखातली आदर्श व्यक्ती. फरक एवढाच की तिला तो लेख कुणी वाचून दाखवलेला नाही.

आणि त्याच १९३६ च्या मे महिन्यात मुंबईत बाबासाहेब महार परिषदेपुढे धर्मांतराचा मार्ग मांडत होते. पुढच्या वर्षी, ३१ जुलै १९३७ ला, ते धुळ्याला आले, लळिंगच्या बंगल्यात राहिले. म्हणून आपण दरवर्षी तिथं जमतो. ज्या जागेवर त्यांची पावलं पडली त्या जागेवर उभं राहून आपण कुठली शपथ घ्यायची? फैजपूरची?

१९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाचा समाचार घेतला, त्यात यंत्राचा मुद्दा मोठा आहे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणूस जनावरापेक्षा वेगळा कशाने? त्याला मन आहे, संस्कृती आहे. संस्कृतीला फुरसत लागते. ढोरासारखं दिवसभर राबणाऱ्याला फुरसत कोण देणार? यंत्र. यंत्राने जुलूम होत असेल तर दोष यंत्राचा नाही, ते ज्यांच्या मालकीचं आहे त्या समाजरचनेचा. ती बदला. यंत्र मोडून निसर्गाकडे परत चला म्हणणं म्हणजे बहुसंख्यांना दारिद्र्याकडे, घाणीकडे परत चला म्हणणं. १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी धरणं, वीज, दामोदर खोऱ्याची योजना यांत का डोकं घातलं, ते इथं कळतं. त्यांना विजेचा दिवा मावशीच्या घरात पाहिजे होता. तिच्या हातातलं यंत्र काढून घेऊन तिच्या मनगटाला जुंपायचं नव्हतं.

कमीत कमी भार टाकून जगण्याचा प्रयोग जळगावच्या या सरांचा पहिलाच नाही. न्यूयॉर्कमध्ये कॉलिन बेव्हन नावाच्या लेखकाने २००६ च्या अखेरीस बायको आणि लहान मुलीसह वर्षभराचा असा प्रयोग सुरू केला. लिफ्ट नाही, गाडी नाही, नवी वस्तू नाही, पुढे पुढे घरातली वीजही बंद. २००९ ला त्याचं पुस्तक आलं, सिनेमा आला. आपल्याकडे दिलीप कुलकर्णी पुण्याची नोकरी सोडून कोकणात दापोलीजवळच्या कुडावळ्याला राहायला गेले, 'निसर्गायण' लिहिलं, 'गतिमान संतुलन' हे मासिक काढलं. मी टिंगल करत नाही. सोडणं सोपं नसतं. पण सोडायला आधी हातात असावं लागतं. बेव्हनचं वर्ष संपलं की दिवा पुन्हा लागतो. धुळ्यात आमच्या वस्तीत मीटर कापून नेला की तो प्रयोग नसतो, थकबाकी असते. नळाला आठ-आठ दिवस पाणी आलं नाही तर आम्ही दोन हंड्यांत भागवतो. आमचा फोटो पेपरात येतो तो मोर्चाच्या बातमीत, तोंड उघडं, कपाळावर आठ्या. बरणीजवळ हसणारा नाही.

आणि हिशेबच करायचा तर मोठा करा. ऑक्सफॅमचा २०२० चा अहवाल आहे. १९९० ते २०१५ या पंचवीस वर्षांत जगात हवेत जेवढा कार्बन सोडला गेला त्यातला ५२ टक्के जगातल्या वरच्या दहा टक्के श्रीमंतांचा. खालच्या निम्म्या मानवजातीचा ७ टक्के. त्या निम्म्यात आपण आहोत, मित्रांनो. ज्याने हवा बिघडवलीच नाही त्याला लळिंगच्या टेकडीवर शपथ कसली घ्यायला लावता? चोर राहिला बाजूला आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच कबुलीजबाब द्यायला उभं केलं.

स्वच्छ विजेचंही तसंच. दीपनगरच्या कोळशाच्या धुरापेक्षा सूर्य बरा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आपल्याच जिल्ह्यात विखरणचे धर्मा पाटील विसरलात? दोंडाईच्याच्या सौर प्रकल्पासाठी पाच एकर जमीन गेली. मोबदला एवढा तुटपुंजा की ऐंशीच्या घरातला तो म्हातारा हेलपाटे घालून थकला, २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात विष प्याला, २८ ला गेला. सूर्याने त्याला मारलं नाही. सूर्याच्या नावाने जमीन घेणाऱ्या व्यवस्थेने मारलं. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, लांबून देखण्या दिसतात. आणि जंगलजमीन कसणारा भिल्ल २००६ च्या वनहक्क कायद्याचे कागद बगलेत मारून कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. वारा सगळ्यांचा असतो. ज्या जमिनीवर खांब रोवतात ती कुणाची, हाच तर प्रश्न.

गायरानाची गोष्ट तर आपल्या अंगावरची. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, खानदेशातली आपली माणसं तुरुंगात गेली. मागणी काय, तर पडीक जमीन कसायला द्या. पुढं १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरची वहिवाट कायम करायची असं ठरलं. किती जणांचे सातबारे झाले ते गावोगाव जाऊन विचारा. आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं, २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने गायरानावरची अतिक्रमणं काढायचा आदेश दिला, तेव्हा आमच्या झोपड्यांवर नोटिसा चिकटल्या. गावाचं चराऊ रान, हिरवळ वाचली पाहिजे म्हणे. रान वाचावं, कुणाला नको आहे? पण 'पर्यावरण' हा शब्द आमच्या दारात येतो तो नेहमी पोलीस घेऊन येतो, एवढं ध्यानात ठेवा.

आता माझ्यावर उलटा प्रश्न येणार, तो मीच विचारतो. मग काय दादा, फ्रीज घ्यायचे, एसी लावायचे, गाड्या उडवायच्या, हाच आंबेडकरवाद?

नाही. आणि इथं मला माझीही झाडाझडती घ्यायची आहे. आपल्यात नोकरीला लागून कॉलनीत गेलेले आहेत, मीही त्यांतला. माझ्या घरात कूलर आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. मावशीच्या घरावर पत्रा आहे. दुपारी ती पोरांना घेऊन निंबाखाली बसते, घरात नाही. मी पंधरा वर्षांत एकदाही तो पत्रा बदलायचा विचार केला नाही. तिच्या वस्तीच्या मागे शहराचा कचरा पेटतो, त्याचा धूर तिच्या नातीच्या छातीत जातो. तेव्हा पर्यावरण हा आपला प्रश्न नाही असं म्हणणारा माझ्याएवढाच आंधळा. हा प्रश्न सगळ्यात जास्त आपलाच आहे. ऊन आपल्या डोक्यावर आहे, नाला आपल्या उंबऱ्याशी आहे, शहराचा कचरा उपसणाऱ्या बायका आपल्या आहेत. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस उतरवायला बंदी केली. २० ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं, आणि मेलेल्याच्या घरच्यांना तीस लाख द्या म्हणावं लागलं. म्हणजे अजून उतरवतात. शहराचा शून्य कचरा बरणीत मोजायचा की गटाराच्या झाकणाशी?

म्हणून मी शपथेच्या विरुद्ध नाही. फैजपूरच्या शपथेच्या विरुद्ध आहे. आपल्याकडे दुसरी आहे.

बुद्धाने सहा वर्षं अंग झिजवलं आणि सोडून दिलं. चैन एक टोक, देहदंड दुसरं टोक. मधला मार्ग घ्या. आता विनयपिटकातली एक हकीकत ऐका. राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दिली. राजाला शंका आली, हा श्रमण एवढ्या वस्त्रांचं करणार काय? दुकान टाकणार? त्याने विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं विरलीत त्या भिक्खूंना वाटेन. मग जुन्या चीवरांचं? अंथरुणावर घालू. जुन्या अंथरुणाचं? गादीचे अभ्रे. त्यांचं? जमिनीवर पसरू. मग पायपुसणी, मग फडकी. आणि फडकी फाटली की कुटून चिखलात मिसळून भुई सारवू. राजाचं समाधान झालं.

बघा, हाही पुनर्वापर. आणि भिक्खू पांसुकूल चीवर घालत, म्हणजे उकिरड्यावरून, मसणातून उचललेल्या चिंध्यांचं. मसणातली चिंधी! मनूने चांडाळाला दिली तीच चिंधी. मग फरक काय?

फरक सगळा इथंच आहे. मनूची चिंधी एका जातीला होती, जन्मभर, आणि ती देणारा स्वतः रेशीम नेसत होता. संघाची चिंधी सगळ्यांना होती. उपाली न्हावी तीच घालत होता आणि शाक्यांचे राजकुमारही तीच. रस्ता झाडणारा सुनीत संघात आला तेव्हा त्याच्या हातातला झाडू सुटला. पुढे संघाचा विहार झाडायचा तो सगळ्यांनी. चिंधी सगळ्यांच्या अंगावर आली की धम्म होतो. एकाच्याच अंगावर राहिली की मनुस्मृती.

कुठल्याही साध्या राहणीला ही एकच कसोटी लावा. तुझ्या साधेपणाचं ओझं कुणाच्या डोक्यावर गेलं? तू सोडलेलं काम कुणी उचललं?

तेव्हा प्राध्यापकांना बोलवा. अवश्य बोलवा, मी त्यांना न्यायला स्टॅंडवर जाईन. पण शपथ द्यायला नाही, बोलायला बोलवा. आणि मावशीलाही बोलवा, त्याच व्यासपीठावर, शेजारच्या खुर्चीवर. तिच्या रोजीचा प्रश्न आहे, म्हणून तिला आधी विचारू. तिची तयारी नसेल तर तिच्या जागी मी बोलेन. सरांना विचारू : सतरंजी तुम्ही स्वतः धुवाल का? खताचा पिंप तुमचा मुलगा हलवेल का? हलवत असेल तर तुमचं घर खरंच प्रयोग करतंय, आम्ही शिकायला येऊ. नसेल तर मशीन परत घ्या आणि मावशीला तेवढ्याच पगारात फुरसत द्या. पृथ्वीला एवढा भार सहज सोसेल.

आणि ठरावात माझी दुरुस्ती नोंदवा. येत्या रविवारी मांडणार आहे.

एक : वस्तीतल्या पत्र्याच्या घरांवर उन्हापासून बचावाचं छत, आणि उन्हाच्या महिन्यांत रोज पाणी, यासाठी जळगाव आणि धुळे दोन्ही महापालिकांवर मोर्चा.

दोन : गटारात माणूस नाही, यंत्र. आणि ते यंत्र चालवण्याची कायम नोकरी त्याच कामगारांना.

तीन : कचरा वेचणाऱ्या बायकांना ओळखपत्र, हातमोजे, ठरलेली मजुरी. शहर स्वच्छ आहे ते त्यांच्यामुळे, बरणीमुळे नाही.

चार : गायरानावरच्या ज्या घरांना आणि शेतांना १९९१ च्या निर्णयाने हक्क दिला त्यांचे सातबारे. आणि त्या जमिनीवर झाडं आम्हीच लावू, मालक म्हणून.

पाच : आपल्यातले जे कॉलनीत गेले, त्यांनी पगाराचा विसावा हिस्सा वस्तीच्या छतांसाठी द्यायचा. पहिली पावती माझ्या नावाने फाडा.

हे मान्य असेल तर लळिंगच्या बंगल्यासमोर मीही हात वर करून शपथ घेईन. मावशीला मी या वेळी नवं लुगडं घेतलं आहे, निळ्या काठाचं. ती ते नेसून येणार आहे. कुणी त्या लुगड्याचा पृथ्वीवर किती भार पडला ते मोजायला बसला, तर त्याने आधी तिचे हात मोजावेत.

जयभीम.